आम्ल तेच, जागा चुकली



लग्नसराई आली की माझ्या मनात एक धास्ती उभी राहते. ती पंगतीत उरलेल्या भाताची. हसू नका. का, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, कारण अशी गोष्ट कोणत्याही गावात घडू शकते, आणि घडतेही. एका घरी मुलीचे लग्न झाले. दुसऱ्या दिवशी मांडव सोडताना पाहतात तो दोन घमेली भात, टोपलीभर पुऱ्या आणि थोडी बुंदी उरलेली. अन्न टाकायचे कसे? घरच्या मावशींनी संध्याकाळी एक घमेले भरून दावणीच्या गाईपुढे ठेवले. गाय दुसऱ्या वेताची, संकरित, दोन्ही वेळचे मिळून बारा लिटर दूध देणारी. तिने घमेले चाटून पुसून साफ केले. मावशींना बरे वाटले. घरात कार्य झाले, मुक्या जिवालाही गोड मिळाले.

सकाळी गाय चाऱ्याला तोंड लावीना. रवंथ बंद. दात करकर खात होती. डावी कूस फुगलेली, शेण पातळ आणि त्याला आंबट वास. कोणी म्हणाले दृष्ट लागली, मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. कोणी म्हणाले गॅस झालाय, तेल पाजा. डॉक्टरांना निरोप गेला तेव्हा दुपार झाली होती. ते आले तोवर गाय खाली बसली होती, डोळे खोल गेले होते. त्यांनी शक्य ते सारे केले. पण रात्री गाय गेली.

मी दुसऱ्या दिवशी सहज त्या गावी गेलो होतो. मावशींनी मला एकच प्रश्न विचारला. म्हणाल्या, "साहेब, तोच भात दोनशे माणसं जेवली. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. मग गाईलाच काय झालं?"

मी उत्तर दिले, "शिळे अन्न घालू नका असे आम्ही सांगतच असतो." हे उत्तर नव्हे. हे हात झटकणे झाले. तीस वर्षे मी गावोगावच्या बैठकांत "हे घाला, ते घालू नका" सांगत आलो, पण "का" ते फारसे सांगितले नाही. ज्याचे कारण कळत नाही ती सूचना ऐन लग्नाच्या धांदलीत कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून आज मावशींच्या प्रश्नाचे उत्तर नीट देतो. ते उत्तर पोटाच्या आतल्या अस्तरात आहे, आणि त्या अस्तरात कोणती पेशी कुठे बसली आहे, यात आहे.

ज्या घरी मटण शिजते तिथल्या बायाबापड्यांनी वजडी धुतलेली असते. (माळकरी वाचकांनी क्षमा करावी, विषय जनावराच्या जिवाचा आहे.) वजडीचा एक तुकडा टॉवेलसारखा गोंडेदार असतो. एक तुकडा मधाच्या पोळ्यासारखा घरे घरे असलेला. एकात पोथीच्या पानांसारखे पडदे असतात. आणि एक तुकडा मऊ, गुलाबी आणि हातातून निसटेल असा बुळबुळीत असतो. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, सगळ्यांच्या पोटाचे हे चार भाग. गोंडेदार ते कोटीपोट, पोळ्यासारखे ते जाळीपोट, पानापानांचे ते पडदेपोट आणि बुळबुळीत ते खरे पोट.

धुताना एक गोष्ट हाताला कळते. पहिले तिन्ही भाग खरखरीत, चौथा निसरडा. पडदेपोट संपून खरे पोट सुरू होते तिथे तर एका रेघेवर अस्तर बदलते. शेताच्या बांधाच्या अलीकडे ज्वारी आणि पलीकडे ऊस दिसावा तसे. ही रेघच आपल्या गोष्टीचे मर्म आहे.

आधी कोटीपोट पाहू. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. गाय स्वतः कडबा पचवू शकत नाही. हे जीव तो आंबवतात, आणि त्यातून जी सौम्य आम्ले तयार होतात ती शोषून घेऊन गाय जगते. तिला लागणाऱ्या शक्तीचा साधारण दोन तृतीयांश भाग या आम्लांतून येतो. म्हणजे कोटीपोट हे आंबवण्याचे पिंप आहे आणि त्याचे अस्तर हे शोषून घेणारे कापड आहे.

या अस्तराची बांधणी आपल्या तळहाताच्या कातडीसारखी आहे. पेशींचे थर एकावर एक. सर्वांत खालच्या थरातल्या पेशी जिवंत, सतत वाढणाऱ्या. त्या वर सरकत जातात तशा चपट्या होतात, आणि अगदी वर आल्या की शिंगासारख्या कडक होऊन झडतात. चाऱ्याच्या काड्यांनी ओरखडे पडू नयेत म्हणून ही सोय. या कातडीलाच ते गोंडे फुटलेले असतात. शोषायला जास्त जागा मिळावी म्हणून.

आणि गोंडे सगळीकडे सारखे नसतात बरे का. जिथे रस साचतो त्या खालच्या भागात आणि कोपऱ्यांत त्यांची दाटी असते. वरच्या छताला, जिथे नुसता वायू असतो, तिथे ते विरळ. कोटीपोटाच्या आत स्नायूंचे जाड बांध असतात, त्या बांधांवर तर टक्कलच. जिथे पाणी तिथे पीक, हा न्याय इथेही आहे.

पण या संपूर्ण अस्तरात एक पेशी कुठेच नाही. बुळबुळीत लेप तयार करणारी पेशी. तीव्र आम्लापासून बचाव करणारा लेप कोटीपोटाला नाही, जाळीपोटाला नाही, पडदेपोटालाही नाही. मग तिथे रोज तयार होणाऱ्या आम्लाचे काय? त्यावर गाईने वेगळा उपाय ठेवला आहे, तो म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त लाळ गिळते. त्या लाळेत आपल्या खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो. गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते ती नुसता चारा बारीक करायला नव्हे, पोटात सोडा पोचवायलाही. आणि रवंथ कशाने येते? लांब काडीच्या चाऱ्याने. भाताने नाही, पिठाने नाही.

आता रेघेच्या पलीकडे, खऱ्या पोटात चला. माझे एक पशुवैद्य मित्र आहेत. त्यांनी एकदा मला सूक्ष्मदर्शकाखाली खऱ्या पोटाच्या अस्तराची काच दाखवली. पाहतो तर शेजारी शेजारी उभ्या खोदलेल्या अरुंद विहिरी! टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत अशा कितीतरी. प्रत्येक विहिरीत वरून खालपर्यंत वेगवेगळ्या पेशी, आणि प्रत्येकीची पातळी ठरलेली.

विहिरीच्या कठड्यावर आणि तोंडाशी लेप करणाऱ्या पेशी. त्या बुळबुळीत लेप सोडतात आणि त्या लेपाखाली सोड्यासारखा क्षारही सोडतात. मानेपासून मधल्या भागापर्यंत आम्ल करणाऱ्या पेशी. रंग दिलेल्या काचेवर त्या गुलाबी दिसतात, फुगीर आणि मधोमध डोळा असलेल्या. विहिरीच्या तळाशी जांभळट निळ्या पेशींची दाटी. त्या प्रथिने फोडणारा पाचक रस करतात. पण तो रस निजलेल्या अवस्थेत सोडतात. वर येऊन आम्लाला भेटला की मगच तो जागा होतो. तळातच जागा झाला असता तर ज्या पेशीने केला तिलाच त्याने खाल्ले असते.

आणि मानेच्या जागी आणखी एक छोटा गट असतो, तो मूळपेशींचा. ही या विहिरीतली रोपवाटिका. इथे नवी रोपे तयार होतात. काही वर सरकून कठड्यावरच्या लेपाच्या पेशी होतात, काही खाली उतरून आम्लाच्या आणि रसाच्या पेशी होतात. माणसाच्या पोटात कठड्यावरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. आम्लाच्या तोंडाशी पहारा करणारा पहारेकरी फार दिवस टिकत नाही, म्हणून त्याची बदली सतत चालू. आतल्या पेशी मात्र त्यामानाने पुष्कळ जास्त दिवस राहतात.

आम्ल करणाऱ्या आणि रस करणाऱ्या पेशी वेगवेगळ्या आहेत, हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी १८७० साली दाखवून दिले. त्याआधी १८२४ साली विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरांनी पोटातले आम्ल म्हणजे मिठाचे आम्ल, म्हणजेच हायड्रोक्लोरिक ॲसिड, हे छापून प्रसिद्ध केले होते. आज शास्त्रज्ञ पेशी तिच्या जागेवरून न हलवता तिच्यात काय काम चालले आहे तेही वाचू शकतात, आणि पोटाचे नकाशे तयार करतात. आपल्या सातबाऱ्याच्या गटनकाशासारखेच.

आणखी एक मौज. खऱ्या पोटाच्या शेवटच्या भागात, जिथून आतडे सुरू होते, तिथल्या विहिरींत आम्लाच्या पेशी जवळजवळ नसतातच. तिथे लेपाच्या पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये मोजक्या निरोप्या पेशी बसलेल्या असतात. कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखे त्यांचे काम. अन्न आले की त्या रक्तातून निरोप धाडतात, "आम्ल सोडा." आम्ल जास्त झाले की शेजारची दुसरी पेशी सांगते, "आता पुरे." पाणी सोडणारा वर असतो आणि मोजणारा पाटाच्या शेवटी. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचले की नाही ते त्यालाच कळणार ना?

आता आकडे पाहा, म्हणजे मावशींच्या प्रश्नाचे उत्तर समोर येईल. माती तपासणीच्या पत्रकावर तुम्ही सामू पाहिला असेल. ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्लता. एक आकडा उतरला की आम्लता दहापट वाढते. निरोगी गाईच्या कोटीपोटाचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असतो. ५.५ च्या खाली गेला की धोका. ५ च्याही खाली उतरला की जिवाशी गाठ. आणि त्याच गाईच्या खऱ्या पोटात, त्या रेघेच्या पलीकडे, सामू रोजच २ ते ३ असतो! म्हणजे कोटीपोटात जे आम्ल गाईचा जीव घेते, त्याच्या शंभर पट तीव्र आम्ल काही वितींवर तिच्याच पोटात सुखाने नांदत असते. फरक एवढाच की तिथे लेपाच्या पेशी पहाऱ्यावर आहेत, इथे नाहीत.

घमेलेभर भात कोटीपोटात पडला तेव्हा काय झाले ते आता सांगता येते. शिजलेला भात म्हणजे निव्वळ पिठूळ माल. कडबा आंबवणारे जीव सावकाश काम करतात. पिठूळ माल आंबवणारे दुसरे जीव आहेत, ते असा माल मिळाला की बेसुमार वाढतात आणि दह्यातले आम्ल तयार करतात. ते आम्ल रोजच्या सौम्य आम्लांपेक्षा तीव्र. सामू उतरू लागला की कडबा पचवणारे चांगले जीव मरतात, आम्ल करणारे आणखी माजतात. गाय रवंथ थांबवते, म्हणजे सोड्याचा पुरवठाही बंद. आंबट झालेले कोटीपोट रक्तातले पाणी आत ओढू लागते. म्हणून कूस डचमळते, शेण पातळ होते आणि डोळे खोल जातात. आम्ल रक्तात शिरते. आणि ते लेप नसलेले अस्तर भाजून निघते. गोंडे सुजतात, सोलतात. गाय वाचली तरी त्या जखमांतून जंतू यकृतात जाऊन तिथे गळवे होऊ शकतात, आणि पुढे खुरांचे दुखणे मागे लागते.

माणसाचे तसे झाले नाही, कारण माणसाला कोटीपोट नाही. आपले पोट म्हणजे गाईच्या चौथ्या पोटाचा भाऊ. तिथे भात आंबत बसत नाही. तो पुढे आतड्यात जाऊन आपल्याच रसांनी पचतो. मावशी, भात वाईट नव्हता. शिळेपणाचाही तेवढा दोष नव्हता. ताज्या भाताचे घमेले दिले असते तरी हेच झाले असते. ज्वारीच्या, मक्याच्या, गव्हाच्या पोत्यात जनावराने तोंड घातले तरी हेच होते.

तर मग काय करावे?

उरलेले अन्न दुभत्या जनावरापुढे एकदम ओतू नका. चपातीचा एक घास, सणाचा नैवेद्य, याने काही होत नाही. घमेले मात्र कधीही नाही. पंगतीचे अन्न उरले तर ते माणसांत वाटा. उरलेच तर खताच्या खड्ड्यात जाऊ द्या. तिथे आंबणे हे कामच आहे, आणि तेही शेवटी तुमच्याच शेतात जाते.

धान्याच्या कणग्या, पोती, पिठाची गिरणी आणि गोठा यांच्यामध्ये पक्के दार हवे. रात्री सुटलेले जनावर नेमके तिथेच जाते. खळ्यावर मळणी चालू असताना बैल आणि वासरे यांच्याकडे लक्ष ठेवा.

खुराक दुधाच्या मानाने द्या. गाईला दर अडीच लिटर दुधामागे आणि म्हशीला दर दोन लिटर दुधामागे साधारण एक किलो, शिवाय शरीर पोसायला दीड किलोपर्यंत. तोही दिवसातून दोन-तीन वेळा विभागून. खुराक वाढवायचा असेल तर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. गोंड्यांना आणि पोटातल्या जिवांना नव्या खाण्याची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच. आधी वैरण, मग खुराक. आणि कुट्टी केली तरी ती पिठासारखी बारीक करू नका. दातांखाली काडी आली पाहिजे, तरच रवंथ येईल आणि लाळेतला सोडा पोटात उतरेल.

जनावराने चुकून धान्य किंवा भात भरपूर खाल्ला असे कळले, तर ते आजारी दिसण्याची वाट पाहू नका. लक्षणे बहुधा आठ-दहा तासांनंतर दिसू लागतात, आणि तोवर आत पुष्कळ बिघडलेले असते. लगेच डॉक्टरांना कळवा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. उरलेला खुराक समोरून काढा, कोरडी वैरण ठेवा. खाण्याचा सोडा यावर उपयोगी आहे हे खरे, पण किती आणि कसा ते डॉक्टरांना विचारूनच द्या. झोकांड्या खाणाऱ्या किंवा बसलेल्या जनावराला बाटलीने काहीही पाजू नका. ते श्वासनळीत गेले तर दुसरेच संकट. किती वाजता आणि किती खाल्ले, हे मात्र न लाजता खरे सांगा. "काही नाही खाल्लं" असे घरच्यांनी सांगितले की डॉक्टरांचा अमूल्य वेळ वाया जातो.

ओघाने वासराचेही सांगतो. जन्मलेल्या वासराचे पोट उलटे असते. चौथे पोट सर्वांत मोठे, कोटीपोट लहानसे आणि आतून जवळजवळ गुळगुळीत. वासरू आचळ चोखते तेव्हा अन्ननलिकेपुढची एक खाच मिटून तिची नळी होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट खऱ्या पोटात उतरते. तिथे विहिरीच्या तळातल्या पेशी दूध गोठवणारा खास रस करतात. दूध घट्ट झाले की सावकाश पचते. ढसाढसा जबरदस्तीने पाजलेले दूध चुकून कोटीपोटात शिरते आणि तिथे आंबते. म्हणून दूध चोखू द्या, घाई करू नका. आणि चीक पहिल्या तासा-दोन तासांत पाजाच.

कोटीपोटाचे गोंडे वासराच्या वयाने आपोआप वाढत नाहीत, हे ध्यानात ठेवा. ते खाण्याने वाढतात. नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासराचे अस्तर काही आठवड्यांनंतरही गुळगुळीतच राहते. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर वासरांचा खुराक आणि स्वच्छ पाणी समोर ठेवलेल्या वासराच्या पोटात गोंडे जोमाने फुटतात. मघा जे आम्ल जीवघेणे म्हटले, त्याचीच सौम्य भावंडे थोड्या प्रमाणात आली की गोंड्यांना खत होतात. प्रमाण आणि सवड, दोन्ही सांभाळले की झाले.

आता गोठ्यातून घरात येऊ. आपल्या पोटातही त्याच विहिरी आहेत. सामू १ ते २ इतका तीव्र. आणि आपल्याकडेही ती अस्तर बदलणारी रेघ आहे. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे. रेघेच्या वरचे अस्तर कोटीपोटासारखे थराथरांचे, त्याला तसा लेप नाही. खालचे अस्तर विहिरींचे, लेप असलेले. म्हणून पोटात असते तोवर आम्लाची जाणीवही होत नाही, आणि तेच वर रेघ ओलांडून आले की छातीत जळजळते. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे होणाऱ्यांना हा अनुभव असेल. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत. जळजळ आठवड्यातून दोनदा-तीनदा होऊ लागली तर डॉक्टरांना दाखवावे. वर्षानुवर्षे आम्ल लागत राहिले तर काहींच्या बाबतीत रेघेच्या वरचे अस्तरच बदलू लागते, आणि ते चांगले नसते.

दुसरी गोष्ट दुखण्याच्या गोळ्यांची. खुरपणी, ऊसतोड, भातलावणी. कंबर दिवसभर वाकलेली असते. संध्याकाळी दुकानातून गोळी आणायची आणि पाण्याबरोबर घ्यायची, हे घरोघर चालते. या जातीच्या पुष्कळ गोळ्या लेप राखणारे द्रव्य तयार होऊ देत नाहीत. ॲस्पिरिन हे काम कसे करते ते जॉन व्हेन यांनी १९७१ साली शोधले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गोळीने दुखणे थांबते, पण कठड्यावरचा पहाराही ढिला पडतो. मग स्वतःचेच आम्ल स्वतःचेच अस्तर खाऊ लागते. गोळी जेवणानंतर घेतली की काही होत नाही, हा समज अपुरा आहे. तिचा परिणाम रक्तातूनही होतो, इंजेक्शन घेतले तरी होतो. तेव्हा अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट एका जंतूची. पोटाच्या जखमा तिखटाने आणि काळजीने होतात असे पूर्वी डॉक्टरही मानत. इतक्या आम्लात जंतू जगणार कसा, असा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली पोटातला नागमोडी जंतू वाढवून दाखवला. लोक पटवून घेईनात, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः प्यायला आणि पोटाची सूज ओढवून घेतली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू राहतो कुठे? ज्या लेपाने अस्तराला वाचवायचे त्याच लेपात दडून, आणि त्यातही आम्लाच्या पेशी कमी असलेल्या पोटाच्या शेवटच्या भागात. बऱ्याच जणांना त्याचा त्रास जाणवतही नाही. पण काहींच्या पोटात सूज अनेक वर्षे राहते, विहिरींतल्या आम्लाच्या आणि रसाच्या पेशी नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी आतड्यासारख्या पेशी दिसू लागतात. पेशींचा नकाशा असा बदलत गेला की कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पोटदुखी महिनोन्‌महिने सोड्यावर आणि जिऱ्यावर दाबून ठेवू नका. तपासणीत जंतू सापडला तर प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करा. चार दिवसांत बरे वाटले म्हणून सोडू नका.

असो. लांबले खरे, पण मावशींचा प्रश्न तेवढा मोठा होता.

गेल्या वर्षी मी त्या गावी मुद्दाम गेलो आणि हे सारे त्यांना सांगितले. वजडीचा दाखला देताच त्यांना लगेच उमगले. थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पापी नाही. मला ठाऊक नव्हतं." मी म्हटले, "ठाऊक करून द्यायचं काम माझं होतं, मावशी." गोठ्यात आता दोन शेळ्या आहेत आणि एक कालवड वाढते आहे. कणगीच्या खोलीला नवे दार बसवलेले दिसले. धाकट्या मुलाचे लग्न यंदा ठरले आहे. आमंत्रण आले आहे, जाणार आहे.

तुमच्याही घरी कार्य असेल तर पंगत उठल्यावर गोठ्याकडे एकदा नजर टाका, आणि उत्साहाने घमेले उचलणाऱ्या पोराला ही रेघेची गोष्ट सांगा.